दोनशे चाळीसच्या आत

तिनो कान्तूचं वजन दोनशे चाळीस पौंडांच्या आत आलं की त्याच्या मुलीची किडनी त्याला मिळणार होती. पोर तयार होती. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, रक्त जुळत होतं, तारीख तेवढी ठरायची होती. अडलं होतं ते बापाच्या पोटापाशी. सॅन अँटोनियोच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की एवढ्या चरबीत टाके धरत नाहीत, आधी उतरा, मग बोलू.

आठ महिन्यांपूर्वी तो दोनशे एकाहत्तर होता. मग त्याच्या बायकोनं, एल्विरानं, स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. टेक्सासच्या दक्षिण टोकाला, वेस्लाको गावच्या शाळेत तिनं तीस वर्षं पोरांच्या ताटांत जेवण वाढलेलं, कुठल्या डावात किती मावतं हे तिला डोळे मिटून कळायचं. दिवसाला चौदाशे कॅलरी, एक जास्त नाही. मैद्याच्या तोर्तिया बंद झाल्या, रविवारचं बार्बाकोआचं मटण बंद झालं, डुकराच्या चरबीत घोटलेला राजमा तर आधीच डायलिसिसवाल्यांनी बंद केला होता. उरलं काय, तर उकडलेली कोंबडी आणि कोबी.

"हे जेवण आहे का शिक्षा?" तिनो पहिल्या आठवड्यात म्हणाला होता.

"शिक्षाच. पण तुला एकट्याला नाही, मलाही तीच आहे."

आणि खरंच, ती त्याच्याबरोबर तेच खायची. तिचं एकोणीस पौंड वजन उतरलं, तेही कुणी मागितलं नसताना. तिनोचं मात्र दोन पौंड उतरायचं आणि दीड चढायचं. कारण होतं साखर. त्याला इन्सुलिन घ्यावं लागायचं, आणि किडन्या बंद पडल्या की टोचलेलं इन्सुलिन अंगातून लवकर जात नाही, पाहुण्यासारखं मुक्कामच ठोकतं. त्यात पोट रिकामं. साखर धाडकन उतरायची. घाम फुटायचा, हात थरथरायचे, आणि मग मुकाट्यानं रस प्यायचा, वर शेंगदाण्याचं लोणी लावलेली बिस्किटं खायची. दिवसभर उपाशी राहून वाचवलेलं सगळं पाच मिनिटांत पोटात परत. तेही सफरचंदाचा रस, कारण संत्र्याचा रस किडनीवाल्यांना चालत नाही. एकतीस वर्षं ज्यानं शेडमध्ये उभं राहून संत्री खोक्यांत भरली, त्याला जीव वाचवायला सफरचंद लागावं! तिनो याच्यावर हसायचा. पुढे पुढे हसेनासा झाला.

आहारवाल्या बाई म्हणायच्या, कमी खा. साखरेचे डॉक्टर म्हणायचे, साखर उतरू देऊ नका, वेळेवर खा. डायलिसिसवाले म्हणायचे, पाणी कमी प्या. सगळे आपापल्या खोलीत बरोबर होते. पण ते सगळे एका खोलीत कधी बसलेच नाहीत, आणि या दोघांना प्रत्येक खोलीतून बाहेर पडून एकाच गाडीत बसायचं होतं.

मागच्या महिन्यात काटा दोनशे त्रेचाळीसवर थांबला. आदल्या दिवशी दोनदा साखर उतरली होती, आणि दोन्ही वेळा एल्विरानं समोर बसून त्याला प्यायला आणि खायला लावलं होतं. घरी येईपर्यंत चार तास तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. मारिसाचा फोन आला. मारिसा म्हणजे त्यांची मुलगी, सॅन अँटोनियोतच राहायची, चौतिशी उलटलेली. किडनी दिल्यावर वर्षभर तिला मूल होऊ द्यायचं नव्हतं, म्हणजे बापाचा प्रत्येक महिना तिचाही महिना होता. ती फोनवर एवढंच म्हणाली, "असू दे बाबा, पुढच्या वेळी." त्या 'असू दे'नं तिनोचा जीव तुटला.

म्हणून या वेळी त्यानं एल्विराला समोर बसवलं.

"काट्यावर चढेपर्यंत तू माझ्या तोंडाला काही लावायचं नाहीस. घे मारिसाची शपथ."

"पोरीच्या शपथा घेतं का कुणी? डोकं फिरलंय तुझं."

"फिरू दे. घे."

"आणि साखर उतरली तर?"

"इन्सुलिन अर्धं घेतो. मग कशी उतरेल? घे म्हणतोय ना, विरा."

तिनं शपथ घेतली. तीस वर्षं पोरांना 'संपव ते, संपव' म्हणत आलेल्या बाईनं नवऱ्याला खाऊ न घालण्याची शपथ घेतली.

मंगळवारी सकाळी सहाला ते निघाले. सोमवारी डायलिसिस झालेलं, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नाही. आदल्या दुपारी चारपासून तिनोनं काही खाल्लं नव्हतं. इन्सुलिन मात्र अर्धं नव्हे, पूर्ण टोचलं होतं. दवाखान्यात वजनाबरोबर रक्तही काढतात, आणि मागच्या वेळी साखर जास्त निघाली म्हणून बोलणी खाल्ली होती. या वेळी त्याला सगळ्या परीक्षांत पास व्हायचं होतं. हे एल्विराला ठाऊक नव्हतं.

गाडी ती चालवत होती. त्याच्या दंडावर साखर मोजणारी चकती होती आणि आकडा एल्विराच्या फोनवर यायचा. फोन समोर अडकवलेला. सरहद्द पोलिसांचा तपासणी नाका तीन मैलांवर असताना तो वाजला. शहात्तर. सत्तरच्या खाली धोका.

"उतरतेय."

"रस्त्याकडे बघ."

मग सहासष्ट आला, शेजारी खाली तोंड केलेला बाण.

"तिनो, एक घोट घे."

"शपथ."

"एक घोट रे. एका घोटाचं काय वजन असतं?"

"सगळ्याचं वजन असतं," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम जमला होता. "अजून तीन तास आहेत. मी बसतो. बसून राहिलं की उतरत नाही."

कुणी सांगितलं होतं त्याला हे? कुणीच नाही. मागच्या महिन्यातले चार तास एल्विराला आठवत होते, ती गाडीतली मुकी शांतता. तिनं ओठ मिटून गाडी चालवली, आणि हे तिचं गप्प बसणं पुढे तिला कितीही धुतलं तरी निघालं नाही.

नाक्यावर रांग होती. पुढे सात-आठ गाड्या, एक ट्रक, एक कुत्रा चाकं हुंगत फिरणारा. या रस्त्यानं उत्तरेकडे जाणारा प्रत्येकजण इथे थांबतो, खिडकी खाली करतो, एका प्रश्नाचं उत्तर देतो आणि पुढे जातो. कान्तू मंडळी तीन पिढ्या देत आली होती. रांगेत फोन पुन्हा वाजला. चौपन्न. एल्विरानं पिशवीतून रसाचं खोकं काढून मांडीवर ठेवलं, नळी खुपसली. मागच्यानं हॉर्न दिला.

खिडकीशी तरुण अधिकारी होता. "दोघं अमेरिकन नागरिक?"

"हो," एल्विरा म्हणाली.

"त्यांना बोलू द्या."

तिनोनं मान वळवली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि डोळे अधिकाऱ्याच्या मागे कुठेतरी बघत होते.

"आज किती खोकी गेली रे?" त्यानं विचारलं.

"काय म्हणालात?"

"बारका माल वेगळा काढ. बारका माल रसाला. किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

अधिकारी वाकला, वास घेतल्यासारखं केलं. "प्यायलेत का हे?"

"नाही हो साहेब, साखर उतरलीय त्याची. मधुमेह आहे. जन्म वेस्लाकोचा आहे त्याचा, त्याच्या बापाचाही, मी सगळं दाखवते, पण आधी मला त्याला हे पाजू द्या."

त्यानं गाडी बाजूला घ्यायला लावली आणि स्वतः धावत आला, हे कबूल केलं पाहिजे. एल्विरानं गाडी थांबवली, नळी तिनोच्या ओठांना लावली. तिनोनं दात घट्ट मिटले.

"पी रे."

त्यानं मान हलवली.

"शपथ गेली खड्ड्यात! तोंड उघड, तिनो!"

"काट्यानंतर," तो दातांतून म्हणाला.

कुठे आहोत ते त्याला कळत नव्हतं. समोरची बाई कोण, तेही बहुधा कळत नव्हतं. स्वतःचा देश कुठला ते सांगता येत नव्हतं. डोक्यातलं सगळं विझलं होतं, आणि जी एकच गोष्ट विझायला हवी होती तेवढी मात्र जागी होती. खायचं नाही. प्यायचं नाही. मारिसासाठी. त्यानं हाताचा फटका मारला, खोकं काचेवर जाऊन आपटलं आणि रस त्याच्याच सदऱ्यावर सांडला. एल्विरानं त्याच रसात बोट बुडवून त्याच्या हिरडीला लावायचा प्रयत्न केला, तर तो कडकडून चावला.

"मी आणतो काहीतरी," असं म्हणून अधिकारी पळाला आणि यंत्रातून थंड पेयाचा डबा घेऊन आला. एल्विरानं तो उघडला, मग वरची अक्षरं वाचली.

"ही डाएट आहे, साहेब," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. "हिच्यात साखर नाही."

साखर चढवणारं, नाकात मारायचं औषध घरी होतं, पण मुदत संपलेलं. नवं विम्याच्या मंजुरीत अडकलं होतं. एकेचाळीस. मग आकडाच येईना, नुसतं 'कमी' असं दिसायला लागलं. तिनोची मान खांद्यावर पडली. अधिकाऱ्यानं बोलावलेली रुग्णवाहिका वीस मिनिटं लांब होती. एल्विरा त्याचा हात धरून बसली. आयुष्यभर हजारो पोरांना भरवलं या हातांनी, आणि नवऱ्याच्या पोटात चार चमचे साखर जाईना. तिला स्वतःची एवढी चीड कधीच आली नव्हती.

रुग्णवाहिकेतला माणूस उतरला तेव्हा तिला एकच गोष्ट करता आली. ती ओरडली, "डावा हात नको! डाव्यात डायलिसिसची शीर आहे!" त्यांनी उजव्यात सुई घातली आणि साखरेचं पाणी सोडलं. काही मिनिटांत तिनोनं डोळे उघडले. आधी छताकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"पोचलो?"

"नाही."

मग त्यानं विचारलं, "किती घातलं अंगात?"

त्या माणसानं त्याला समोर बसवून अख्खं सँडविच खायला लावलं. तो हॉस्पिटलात चला म्हणत होता. तिनोनं नको म्हणून सही केली. हॉस्पिटल मागे होतं आणि मारिसा पुढे होती. अधिकाऱ्यानं कागद बघितले, परत दिले. "सांभाळून जा, काका," म्हणाला.

दवाखान्यात ते वीस मिनिटं उशिरा पोचले. मारिसा दारातच उभी होती. बापाच्या सदऱ्यावर चिकट डाग होता, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या होत्या. "रस सांडला," तो म्हणाला. तिनं पुढे काही विचारलं नाही, तिचं लक्ष काट्याकडे होतं.

तिनोनं बूट काढले, पट्टा काढला, खिशातली किल्ली काढली आणि श्वास रोखून चढला.

दोनशे एकोणचाळीस पूर्णांक चार.

"बाबा!" मारिसानं त्याला मिठी मारली ती काट्यावरच, त्यामुळे आकडा वेडावाकडा नाचायला लागला. नर्सही हसली. तिनो रडत होता आणि हसत होता, आणि पोरीच्या खांद्यावरून एल्विराकडे बघून त्यानं भुवया उडवल्या, लग्नाच्या आधी उडवायचा तशा. आठ महिन्यांत पहिल्यांदा. एल्विरालाही वाटलं की झालं, संपलं एकदाचं.

नर्सनं त्यांना आतल्या खोलीत बसवलं आणि कागद पुढे ओढला. नेहमीचे प्रश्न होते. ताप? नाही. छातीत दुखणं? नाही. नवीन औषध? नाही. तिनो तोऱ्यात उत्तरं देत होता.

"मागच्या भेटीनंतर साखर एवढी उतरली का, की दुसऱ्या कुणाला मदत करावी लागली? रुग्णवाहिका वगैरे?"

"नाही," तिनो म्हणाला.

आणि त्यानं एल्विराकडे बघितलं. बघणं कसलं, पाया पडणंच होतं ते. शेजारी मारिसा फोनवर नवऱ्याला आनंदाची बातमी लिहीत होती. एल्विराच्या बोटावर त्याच्या दातांचे वळ होते. सकाळी ती गप्प बसली होती, आणि गप्प बसलं की काय होतं ते तिनं बघितलं होतं. भूल दिलेला तिनो तिच्या डोळ्यांपुढे आला, शस्त्रक्रियेच्या टेबलावर, दात मिटलेला.

"हो," ती म्हणाली. "आज सकाळी. रुग्णवाहिका आली होती."

मारिसाचा अंगठा थांबला. नर्सनं तिनोची उजवी बाही हळूच वर सारली, सुईवरची पट्टी बघितली आणि पेन खाली ठेवलं. ती वाईट बाई नव्हती. हळू आवाजातच बोलली. अशी साखर उतरत असताना शस्त्रक्रिया करता येणार नाही. सहा महिने एकदाही असं व्हायला नको, मग पुन्हा बघू. तोवर उपाशी राहायचं नाही, आहार थोडा वाढवावा लागेल.

"आणि वजन?" मारिसानं विचारलं.

"वजन दोनशे चाळीसच्या आतच हवं."

मारिसानं फोनवर लिहिलेलं एकेक अक्षर पुसलं. "ठीक आहे," ती म्हणाली. लहानपणी नाताळला हवं ते खेळणं मिळालं नाही की म्हणायची, तसंच. एल्विरा तिला हात लावायला गेली, पण लावला नाही.

तिनो रागावला नाही. बायकोकडे त्यानं बघितलंही नाही. पोटावरून हात फिरवत तो नर्सला अगदी अदबीनं म्हणाला, "बाई, मी सांगाल तसं करतो. आजवर केलंच आहे. फक्त खाऊ का नको, एवढं एकदा तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवा, आणि मला सांगा."

नर्सनं पेन उचललं आणि हे लिहायला कागदावर कुठे रकाना आहे का ते शोधू लागली.