सवतीचं माप

आमच्या गाडीला मी सवत म्हणते. हे रोज सकाळी तिला पुसतात, तिच्या चाकांची हवा तपासतात, आणि मग मला विचारतात, चहा झाला का. ह्यांनी पस्तीस वर्षं गॅरेजात लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या आणि काम सुटल्यावर ही एक जुनी घरी आणून ठेवली. मी शिवणकाम करते. माझं मशीन खिडकीशी आहे आणि खिडकीपुढे गाडीचं तोंड, म्हणजे दिवसभर मला सवतीचंच दर्शन.

यंदा उन्हाळा तापला आणि नेमकं तेव्हाच सवतीनं थंड हवा द्यायचं सोडलं. एसी लावला की बॉनेटमधून असा चिरका आवाज यायचा, की गल्लीतली झोपलेली कुत्री उठून उभी राहायची. ह्यांनी कान लावून सांगितलं, कॉम्प्रेसर गेला. म्हणजे एसीचा गॅस दाबून पुढे ढकलणारा पंपच गेला.

त्याच आठवड्यात लेक आली. तिचं बाळ पाच महिन्यांचं. तिनं शांतपणे सांगितलं, की असल्या भट्टीत मी बाळाला बसवणार नाही आणि सत्तरीच्या माणसानं मोडकी गाडी बाळगण्यात अर्थही नाही. रविवारी दुपारी ती जेवायला येणार होती. तोवर गाडी गार झाली तर ठीक, नाहीतर तिच्या ऑफिसातल्या एकानं गाडी घ्यायची तयारी दाखवली होती. ह्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून झटकला फक्त. ह्यांनी टॉवेल झटकला की समजायचं, वर्मी लागलंय.

शुक्रवारी एसीचा गॅसवाला आपलं यंत्र घेऊन आला आणि गाडीतला जुना गॅस काढून घेऊन गेला. जाता जाता म्हणाला, काका, कॉम्प्रेसरही मीच बसवून देतो. ह्यांनी त्याला ऐकवलं, की तू रांगत होतास तेव्हापासून मी हे डोळे मिटून बसवतोय. तो हसला. रविवारी दहाला नवा गॅस भरायला येतो म्हणाला.

मग ह्यांनी नवा कॉम्प्रेसर विकत आणला आणि काम सुरू झालं. पट्टा उतरवला, वायर सोडवली, नळ्या सुटल्या. नळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून त्यांच्या तोंडांना चिंध्या बांधायच्या होत्या. घरात चिंध्यांचं पोतं आहे, पण ह्यांच्या हाताला लागलं ते नवंकोरं अस्तर. बोल्ट मात्र नीट ठेवले. एका पुठ्ठ्यावर कॉम्प्रेसरचं चित्र काढलं, कान फुटलेल्या भोपळ्यासारखं, आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथंच चित्रात खोचला. सात बोल्ट होते. तो तेलकट पुठ्ठा ठेवला कुठे, तर माझ्या कापायच्या टेबलावर.

शनिवारी सकाळी मला एका गिऱ्हाईकाचं रेशमी कापड कापायचं होतं. पुठ्ठा बघून माझं डोकं फिरलं. मी सगळे बोल्ट उपसले, रॉकेलनं लखलखीत पुसले आणि बटणांच्या डब्यात लहान-मोठे लावून ठेवले. पुठ्ठा कचऱ्याच्या गाडीत गेला. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

हे बाहेर नव्या कॉम्प्रेसरची चकती हातानं हळूहळू फिरवत होते. आतलं तेल सगळीकडे पोचावं म्हणून तसं फिरवतात म्हणे. स्वतःच्या लेकीला कधी इतक्या मायेनं जोजवल्याचं मला आठवत नाही. बोल्ट न्यायला आत आले आणि डबा बघून थबकले.

"अगं, हे काय केलंस?"

"आवरलं."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि मला समजावून सांगायला लागले. बोल्ट तीन लांबींचे होते. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो, आणि वरून पाना फिरवला की नव्या कॉम्प्रेसरचा बोल्ट धरणारा कान तुटतो. मी म्हटलं, मग त्यात काय, तुम्ही तर डोळे मिटून बसवता. त्यावर त्यांनी एक बोल्ट उचलला, बाहेर गाडीकडे पाहिलं, खाली ठेवला. दुसरा उचलला. तोही ठेवला. पुष्कळ वेळ असंच चाललं.

"पूर्वी हातांना आठवायचं गं," ते म्हणाले.

मी रेशमी कापड बाजूला सारलं. उद्या गाडी गेली असती आणि हे हेच वाक्य घेऊन घरात बसले असते, तेही माझ्या आवराआवरीमुळे. सवतीला मी नावं ठेवते खरी, पण तिचं वाईट मी कधी चिंतलं नव्हतं.

मी विणकामाची लांब सुई घेतली, गळ्यात टेप अडकवली आणि बाहेर गेले. इतक्या वर्षांत बॉनेटखाली डोकं घालायची माझी ही पहिलीच वेळ. हे गाडीखाली सरकले आणि खालून लाकडाचा ठोकळा लावून त्यांनी कॉम्प्रेसर जागेवर धरला. मी एकेका भोकात सुई तळापर्यंत घालायची, तोंडाशी चिमटीत पकडायची आणि टेपवर ठेवून आकडा सांगायचा. बाहीचं माप घेतात तसंच. खालून आवाज आला, बोल्ट तळाला टेकता कामा नये, थोडा आखूडच हवा.

"म्हणजे शिवणीला सोडतो तशी माया सोडायची," मी म्हटलं.

"हो. थोडी सोड."

शर्टाचं बटण लावता येत नाही अशा माणसाला माझी भाषा पटकन कळली. सात भोकांची सात मापं झाली. डब्यातून जोड्या लावून मी बोल्ट देत गेले आणि ते आवळत गेले. एकही अडला नाही. संध्याकाळी पट्टा चढवताना मला म्हणाले, की सुईचं माझ्याही डोक्यात आलंच होतं, मी करणारच होतो. मी हो म्हटलं. पलंगाचा डुगडुगणारा पाय ते गेली सात वर्षं करणारच आहेत.

रविवारी गॅसवाल्यानं नळ्यांतली सगळी हवा ओढून काढली आणि यंत्र बंद करून काट्याकडे बघत बसला. काटा हलला तर कुठेतरी गळतंय. अर्धा तास आम्ही तिघं त्या काट्यापुढे बसलो. काटा हलला नाही. मग त्यानं गॅस भरला आणि ह्यांनी गाडी सुरू केली. कुत्री झोपलेलीच राहिली.

लेक आली ती बाळाला घेऊन थेट गाडीत बसली आणि काचा वर केल्या. खूप वेळ उतरेचना. जेवण निवायला लागलं. शेवटी काच दोन बोटं खाली आली.

"बाबा, सगळं एकट्यानं केलंत?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हो म्हणाले असते तर मी गप्प राहिले असते. पुढचं वर्षभर वसूल केलं असतं, ती गोष्ट वेगळी. ह्यांनी स्वच्छ हात पुन्हा टॉवेलला पुसले.

"माप तुझ्या आईनं घेतलं," ते म्हणाले. "मी नुसतं शिवलं."

लेकीनं माझ्या काळ्या नखांकडे पाहिलं. ऑफिसातल्या माणसाला नाही म्हणून कळवते, म्हणाली, आणि गारवा बाहेर जातोय म्हणून काच वर केली.

माझ्या टेपवर नऊ ते अकरा सेंटिमीटरांवर, त्या भोकांच्या मापांपाशी, काळा डाग पडलाय, धुऊनही जात नाही. ब्लाउजचं माप देताना बायका विचारतात, हे काय. मी सांगते, हे माझ्या सवतीचं माप.