कोणी वापरतं का?

आमच्याकडे एखादी जुनी गोष्ट काढून टाकायची असली की आधी विचारायची पद्धत आहे. सगळ्यांना जाणाऱ्या मेलवर एक ओळ टाकायची, ‘हे कोणी वापरतं का?’ मग थांबायचं. कोणी काही बोललं नाही, की कोणी वापरत नाही असं धरायचं आणि कात्री चालवायची. पद्धत सभ्य आहे. मी ती इतक्या वेळा पाळली आहे की तिच्यात काही चुकत असेल, असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

आमचं काम फुकटचं. कॉम्प्युटर चालवणारं एक सॉफ्टवेअर आहे, कोणीही घ्यावं, उघडून बघावं, दुरुस्त करावं. त्यातला आवाजाचा भाग मी आणि ज्याला सगळे दाढी म्हणतात तो, असे दोघं सांभाळतो. दाढी दूर दुसऱ्या देशात राहतो. त्याला प्रत्यक्ष मी एकदाच भेटले आहे, पण नवऱ्याशी भांडले नसेन इतकी त्याच्याशी भांडले आहे. आवाज काढणारं साउंड कार्ड आणि कॉम्प्युटर यांचं एकमेकांशी जमवून देणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. असे ड्रायव्हर आमच्याकडे ढिगाने आहेत, आणि त्यातले कितीतरी अशा कार्डांचे, जी दुकानांतून नाहीशी होऊन जमाना झाला.

आजवर ते कोणाच्या अध्यात ना मध्यात, गुपचूप पडून होते. हल्ली चुका हुडकणारे प्रोग्राम आले आहेत. ते न थकता कोड वाचतात आणि आम्हाला कळवतात, इथे भोक आहे, तिथून चोर शिरेल. भोकं खरी असतात, हीच तर पंचाईत. प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं, आणि दुरुस्ती केली तरी ती तपासून बघायला तसलं कार्ड आमच्यापैकी कोणाकडे नसतं.

“मी थकलो बाई आता,” दाढी कॉलवर म्हणाला. त्याचे डोळे खरंच सुजलेले होते. “बायको काल काय म्हणाली माहितेय? मेलेल्या कार्डांची एवढी सेवा करतोस, जिवंत माणसांची कधी करणार?”

“मग काय करायचं म्हणतोस?”

“काढून टाकू. सगळे बेवारस आहेत. एकाही फाइलवर सांभाळणाऱ्याचं नाव नाही.”

“विचारलंस?”

“विचारून महिना झाला. चिडीचूप.”

मीही काही बोलले नाही. वापरणारं एक माणूस मला चांगलं माहीत होतं.

माझी आत्या. आई गेल्यावर तिनेच मला लहानाचं मोठं केलं. ती टेलिफोन ऑपरेटर होती, पुढे दृष्टी गेली आणि नोकरीही गेली. आता ती एका संस्थेसाठी मुलाखतींच्या रेकॉर्डिंगवरून मजकूर टाइप करते. एका कानात वेगळ्या छोट्या प्लेअरवरचं रेकॉर्डिंग, आणि टाइप केलेली प्रत्येक ओळ तिचा जुनाट कॉम्प्युटर तिला मोठ्याने वाचून दाखवतो. त्या खरखरीत आवाजाला ती ‘मास्तर’ म्हणते. मास्तर इतक्या वेगाने बोलतात की दुसऱ्या कोणाला त्यातलं अक्षर कळत नाही. नव्या मशीनवर ते किंचित उशिरा बोलतात, आणि तेवढंही तिला खपत नाही. तिचं कार्ड दाढीच्या बेवारसांपैकीच एक होतं.

सांगायला हवं होतं. पण मागे दाढीच्या एका मित्राच्या लाडक्या कार्डाचा ड्रायव्हर मीच काढायला लावला होता, ‘एका माणसाच्या हौसेसाठी सगळ्यांनी का राबायचं’ असं चारचौघांत सुनावून. आता कोणत्या तोंडाने आत्याचं नाव काढू? मी तोडगा काढला. रविवारी तिच्यासाठी नवं मशीन घेऊन जायचं, म्हणजे वापरणारं कोणी उरणारच नाही. स्वतःची समजूत घालण्यात मी पटाईत आहे. मंगळवारी मी होकार कळवला आणि माझ्याच हाताने ते सगळे ड्रायव्हर काढून टाकले.

आमच्या धंद्यात प्रत्येकाचा एक घरचा बकरा असतो. नवं काही केलं की आधी त्याच्या मशीनवर चालवून बघायचं. माझा बकरा म्हणजे आत्या. तिच्याइतके तिखट कान कोणाचे नाहीत, म्हणून तिच्या मशीनला मी केव्हाच लावून दिलं होतं, आमचं ताजं काम आपोआप उतरवून घ्यायला. ते मी साफ विसरले.

रविवारी खोकं घेऊन गेले तर दार नुसतं लोटलेलं होतं. आत्या टेबलाशी बसली होती, एका कानात इअरफोन, बोटं भराभर चालत होती. खोलीत फक्त कळांची टकटक होती.

“आत्या, मास्तर कुठे गेले?”

“रुसलेत मंगळवारपासून,” ती म्हणाली. “तुझं काहीतरी काम चाललं असेल म्हटलं. तू काही केलंस की ते असेच गप्प बसतात घटकाभर.”

“अगं, मग फोन नाही का करायचा?”

“केला असता तर नवं मशीन घेऊन उभी राहिली असतीस.”

मी खोकं आवाज न करता भिंतीशी ठेवलं.

“हात चालतायत ना, झालं तर,” ती म्हणाली. “सगळं पाठ आहे मला. अख्खी मुलाखत संपवलीय बघ, उद्या द्यायचीय. जरा वाचून दाखव, कशी झालीय ती.”

मी पडद्याकडे पाहिलं. पहिली काही पानं स्वच्छ होती. मग एका ठिकाणी ती चहाला वगैरे उठली असावी आणि परत बसताना बोटं एक घर बाजूला पडली असावीत. बोटांना जागा कळावी म्हणून कीबोर्डच्या दोन कळांवर बारीक उंचवटे असतात, तिच्या कीबोर्डचे ते कधीच झिजून गेले होते. तिथून पुढे एकही शब्द शब्द नव्हता. पानंच्या पानं नुसती अक्षरं, आणि त्यांच्यात नीट सोडलेले परिच्छेद.

“वाच की.”

मी पानं खाली सरकवत राहिले, पुढे कुठे एखादा शब्द लागतो का बघत.

“अगं, बोलत का नाहीस?”

मग मी सगळं सांगितलं. पानांचं, दाढीचं, त्या भोकांचं, मेलवर विचारलं त्याचं. ती इअरफोनची वायर बोटाला गुंडाळत ऐकत होती.

“म्हणजे तुम्ही विचारलंत, आणि कोणी बोललं नाही,” ती म्हणाली.

“हो.”

“मी तरी कुठे बोलले?”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला तिच्याकडे बघवेना.

“माझ्याकडे निदान तू येतेस,” ती म्हणाली. “बाकीच्यांकडे कोण जातंय बघायला?”

मी तिथेच माझा लॅपटॉप उघडला आणि काढलेलं सगळं परत ठेवायला घेतलं. नुसतं तिचं कार्ड नाही, सगळी. बेवारस फाइल आम्ही परत घेत नाही, म्हणून प्रत्येकीवर माझं नाव घातलं. दाढीचा निरोप लगेच आला. “वापरणारे किती?”

“माहीत नाही,” मी लिहिलं.

“आणि भोकं कोण बुजवणार? तू?”

“हो.” हे लिहिताना पुढच्या सगळ्या सुट्ट्या माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या.

मास्तर परत यायला वेळ होता. टायपिंग जिथे फिसकटलं होतं तिथून आत्याने रेकॉर्डिंग लावलं. कळांवर तिची बोटं मी धरून नीट ठेवली. ती एक ओळ टाइप करून थांबायची, मी ती वाचायची.

“जरा भरभर वाच,” ती म्हणाली.