परत पाठवलेला राखाडी कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. रंग राखाडी, कापड लोकरीचं, आतून निळं अस्तर, आणि पाच बटणांपैकी आता चार शिल्लक. माझ्याकडे पाहून कोणी म्हणणार नाही, पण एकेकाळी मी दोन आठवड्यांत दोनदा प्रवास केला होता: एकदा जाताना आणि एकदा परत येताना. मागवलेली वस्तू परत गेली की लोक नाक मुरडतात, "काहीतरी खोट असणार," म्हणतात. माझ्यात खोट नव्हती. ते मी आधीच सांगून टाकतो, कारण ते सिद्ध करणारी बाई फार हुशार होती.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. कापडाचे चाळीस थर एकावर एक पसरले होते आणि वरून यंत्राची सुरी फिरली. एका झटक्यात आम्ही चाळीस भावंडं बेतली गेलो. कोणाची बाही कोणाला लागू नये म्हणून प्रत्येक तुकड्यावर थराचा नंबर लिहिलेली एक बारकी चिकटी लावत. माझा नंबर होता एकतीस. सगळ्या चिकट्या शेवटी काढायच्या असतात, पण माझ्या आतल्या खिशाच्या तळाशी एक राहून गेली. बाह्या लावणारी बाई दिवसाला साठ बाह्या लावायची. माझी डावी बाही लावताना तिला जांभई आली, तरी टीप वाकडी गेली नाही. मग इस्त्री झाली, गळ्यात टॅग आला, मी खोक्यात गेलो आणि एका गोदामाच्या फळीवर वाट पाहत बसलो.

मला मागवलं ते एका निवृत्त लिफ्ट मेकॅनिकने. त्याला सगळे काका म्हणत. त्याची बायको शेजारपाजारची टेलरकाकू. काकूने तीस वर्षं लोकांचे कोट शिवले, पण स्वतःचा एकही शिवला नाही. तिच्या अंगावर एक जुनं जाकीट होतं, त्याची कोपरं इतकी विरली होती की त्यातून वारा विचारपूस करून जायचा. थंडी तोंडावर आलेली. काकाने वर्षभर थोडे थोडे बाजूला टाकून एका कोटापुरते पैसे जमवले होते. एकाच. ते चुकले तर ती थंडी त्याच जाकिटात काढायची होती.

काकाला बायकोला चकित करायचं होतं. काकू बाजारात गेल्यावर त्याने तिचं जाकीट पलंगावर पसरलं, तिचाच टेप घेतला आणि छाती, खांदा, बाही नीट मोजून कागदावर उतरवली. लिफ्टच्या दोऱ्या मोजलेला माणूस, मापात हयगय करणार नाही. पण काकूच्या टेपची एक गंमत होती. वापरून वापरून त्याचे पहिले दोन इंच चिंध्या झाले, तेव्हा तिने ते कापून टाकले होते. तेव्हापासून ती कापलेल्या टोकापासून मोजायची आणि आलेल्या आकड्यातून मनातल्या मनात दोन वजा करायची. तिच्या हाताला त्याची इतकी सवय झाली होती की ते कोणाला सांगायचं राहूनच गेलं. काकाने कापलेल्या टोकाकडे पाहिलंच नाही, पाहिला तो दुसऱ्या टोकाचा आकडा. वर आणखी "थंडीचा कोट थोडा मोकळाच बरा" म्हणून दुकानाच्या मापांच्या यादीतला एक नंबर वाढवला.

मी घरी आलो तो दिवस मला आठवतो. लहानसं घर, खिडकीपाशी शिलाई मशीन, भिंतीला कागदी बेतांची भेंडोळी. काकूने खोका उघडला. टरकावला नाही, चिकटपट्टी सोडवून उघडला. मला अंगावर चढवलं आणि आरशासमोर उभी राहिली. माझे खांदे तिच्या दंडांवर उतरले होते. बाह्यांतून बोटं दिसत नव्हती.

"अहो, आत आणखी एक बाई मावेल," ती हसत म्हणाली. "तिला पण बोलवायचं का?"

काकाचा चेहरा उतरला. "मी नीट मोजलं होतं गं!"

"कशाने मोजलंत?"

त्याने टेप दाखवला. काकूने तो हातात घेतला, कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला आणि इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. काका मात्र हसला नाही. तो माझी बाही दुमडून पाहत होता.

तेवढ्यात काकाची बहीण आली. ती मागच्याच गल्लीत राहायची आणि सल्ले द्यायला तिला जिना चढायचा कंटाळा नव्हता. "परत कशाला पाठवताय?" ती म्हणाली. "वहिनी, तू एवढी टेलर! दोन टाके मार, झाला तुझ्या मापाचा."

"बरोबर," काकाचा चेहरा उजळला. "तुझ्या हाताला हे काय अवघड आहे?"

काकू हसायची थांबली. "बघते," एवढंच म्हणाली.

मित्रांनो, आता जे सांगतो ते तेव्हा काकूखेरीज फक्त मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नसताना काकूने मला खिडकीपाशी नेलं. छोटी कात्री काढली. मग सुई घेतली आणि दोरा ओवायला लागली. दोरा सुईच्या बाजूने गेला. पुन्हा बाजूने गेला. तिने दोरा ओला केला, सुई उजेडाकडे धरली, डोळा बारीक केला. नऊ वेळा. मी मोजलं. वर्षभर ती गिऱ्हाइकांना "गुडघा दुखतो हो, मशीन चालवत नाही" सांगून परत पाठवत होती. तिच्या गुडघ्याला काहीही झालं नव्हतं.

तरी तिने कात्री उचलली. टोक माझ्या बाहीच्या पहिल्या टाक्याखाली गेलं. ती एक टीप उसवली असती तर दोन गोष्टी झाल्या असत्या. मला दुकानाने परत घेतलं नसतं, कारण कात्री लावलेला माल विकाऊ राहत नाही. आणि मला पुन्हा शिवणं तिच्या डोळ्यांना जमलं नसतं. म्हणजे पैसेही गेले असते, कोटही गेला असता, आणि सगळ्यांना कळलं असतं ते वेगळंच.  मी श्वास रोखून धरला, म्हणजे कोट जितका रोखू शकतो तितका.

तिने कात्री खाली ठेवली. खोक्यातला कागद काढला, भिंग लावून वाचला. त्यावर लिहिलं होतं की वस्तू हातात आल्यापासून चौदा दिवसांच्या आत, कोणतंही कारण न देता, विचार बदलल्याचं कळवून ती परत करता येईल. दुकानात घालून पाहावं तेवढं घालून पाहिलं तर चालेल, त्याहून जास्त वापरू नये. "कारण न देता" या शब्दांवर तिचं बोट बराच वेळ थांबलं होतं.

काका आला तेव्हा ती म्हणाली, "अहो, हा परत पाठवू या."

"आवडला नाही तुला?"

 तिला काहीही सांगता आलं असतं. रंग नको, वजन जास्त आहे, काहीही. काकाने विश्वास ठेवला असता आणि मनातल्या मनात स्वतःला मूर्ख ठरवून आयुष्यभर पुन्हा काही मागवलं नसतं.

"आवडला. खूप आवडला," ती म्हणाली. "पण मला सुईचं नेढं दिसत नाही हो."

"कधीपासून?"

"मागच्या थंडीपासून."

काका तिच्यासमोर स्टुलावर बसला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे माझ्या पँटचा खिसा..."

"चाचपून शिवला. का, काय झालं त्याला?"

"तोंडच बंद झालंय त्याचं. मला साखर आहे आणि मी खिशात गोड गोळ्या ठेवतो, म्हणून तू मुद्दाम शिवून टाकलास, असं समजून मी गप्प बसलो."

"चार महिने?"

"तुझ्या कामाला नावं ठेवायची माझी काय टाप!"

मग दोघं हसली. हसता हसता काकूच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला तिला रुमाल मिळेना, म्हणून काकाने बाही पुढे केली. स्वतःच्या शर्टाची, माझी नव्हे. माझा टॅग त्याच्या लक्षात होता.

पण दुकानाने सरळ हो म्हटलं नाही. फोनवरचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, तुम्ही मापं भरली होती. मापाने बनवलेला माल आम्ही परत घेत नाही."

नणंदबाई हजर होत्याच. त्या कानाशी कुजबुजल्या, "सांग, शिवण उसवलेली आली. म्हणजे पाठवायचा खर्चही त्यांच्यावर!"

काकूने फोनवर हात ठेवला. "वन्सं, ही बाही कोणीतरी बाईनेच लावलीय. टीप बघा, सुतासारखी सरळ. तिच्या कामाला मी खोटं नाव ठेवू?" मित्रांनो, माझी कॉलर ताठ झाली.

मग तिने माझ्यात हात घातला. डोळे मिटले आणि बोटांनी वाचायला लागली: गळ्याची पट्टी, अस्तर, आतला खिसा. खिशाच्या तळाशी बोटं थांबली. चिकटी बाहेर आली.

"अहो, हा नंबर वाचा."

"एकतीस," काका म्हणाला.

"हॅलो, ऐकताय ना? मी तीस वर्षं कोट शिवलेत. हा थप्पीतला एकतिसावा आहे. मापं भरून आम्ही तुमच्याच यादीतला नंबर निवडला. माझ्या मापाने बेतला असता, तर आधीचे तीस कोणाच्या मापाचे?"

 पलीकडे कोणाशी तरी पुटपुटणं. मग, "मॅडम, पाठवून द्या. लेखी कळवा आणि पावती ठेवा. पैसे परत येतील. पाठवायचा खर्च मात्र तुमचा."

"तो कागदावर लिहिलाय. तो आम्ही देऊ," काकू म्हणाली.

तिने मला माझ्याच जुन्या घड्यांवर दुमडलं, टॅग सरळ केला आणि त्याच खोक्यात ठेवलं. काकाने खोका काखेत घेतला. पार्सलच्या खिडकीवर त्यांनी पावती मागून घेतली, ती काकूने पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली. मला शेवटचं ऐकू आलं ते काकाचं, "चल, डोळ्यांच्या डॉक्टरकडे आपला नंबर साडेअकराचा आहे," आणि काकूचं, "हात धरा की मग. पायऱ्या मला दोन दोन दिसतात." वर्षभरात ती हे पहिल्यांदा मोठ्याने बोलली असेल.

गोदामात परत आलेल्या मालाचा एक कोपरा असतो. तिथे मी खूप दुःख पाहिलं. सेंट लागलेले शर्ट, रस्ता फिरून आलेले बूट, खोका फाडून टाकलेली भांडी. त्यातली बरीचशी पुन्हा कोणाच्या घरी जात नाहीत. मला तपासणाऱ्याने उलटंसुलटं केलं, वास घेतला, टॅग पाहिला आणि "हा नवाच आहे" म्हणून फळीवर ठेवलं. महिन्याभरात एका उंच बस ड्रायव्हरताईने मला घेतलं. तिला मी असा बसलो जसा मी तिच्यासाठीच बेतलेला. अकरा हिवाळे तिच्याबरोबर पहाटेच्या फेऱ्या केल्या. आता कोपराला ठिगळ आहे आणि ती मला फक्त कचरा टाकायला जाताना घालते. तरी थंडी वाजली की तिचा हात पहिला माझ्याकडेच येतो.

मित्रांनो, घरी काही मागवलंत तर खोका हळू उघडा. कागद वाचा, कारण मुदत आणि अटी जागोजागी वेगळ्या असतात. ठरलं नसेल तोवर टॅग काढू नका, कात्री लावू नका. परत करायचं असेल तर वेळेत करा, खोटं न बोलता करा आणि कोणी "नाही" म्हटलं तरी एकदा "का?" विचारा. तो तुमचा हक्क आहे, आणि आम्हा वस्तूंनाही त्यामुळे दुसरं घर मिळतं. दुकानाला कारण सांगायची गरज नसेल तर नका सांगू. पण ज्याने तुमच्यासाठी पलंगावर जाकीट पसरून मापं घेतली, त्याला खरं कारण सांगा. तो बहुतेक शिवलेला खिसा घेऊन केव्हापासून गप्प बसलेला असतो.