दोर ओढणारी

लोक मला इचारतात, बाई, तुमाला विमानातलं काय कळतंय? अरे बाबांनो, ते विमान वर चढवलंय कुणी? ह्या पायांनी! उडवायचे आमचे मालक, पण चढवायची मी. मालकांचं नाव योगीराज. एरवी मी तोंडानं घेत न्हाई, तुमाला कळावं म्हणून सांगितलं.

मानवतला एका जिनिंगात ते फिटर होते. कापसाचा हंगाम सरला की रिकामे. तवा हैदराबादच्या एका मित्रानं त्यांना जमिनीवर उभं राहून रेडिओनं उडवायच्या, बिनइंजिनाच्या छोट्या विमानाचा नकाशा दिला आन् आमच्या घराचं वाटोळं झालं. बाल्सा म्हणून लाकूड येतं, भेंडासारखं हलकं. ते ब्लेडनं कापून फासळ्या करायच्या, वर पातळ कागद ताणायचा, त्यावर डोकं उठवणारं रोगण. पंख टोकाला वर उचललेले. त्यामुळं वाऱ्यानं कलंडलं तरी विमान आपलं आपण सरळ व्हायचं. हातातल्या रेडिओला कामं दोनच, शेपटीनं वळवायचं आन् वर-खाली करायचं.

पण इंजिन न्हाई तर वर जाणार कसं? तिथं माझी आठवण झाली. दोरीचं एक टोक रानात ठोकलेल्या खुंटीला, दुसरं विमानाच्या पोटाखालच्या हुकाला, आन् मधी कप्पी. ती कप्पी हातात धरून पदर खोचायचा आन् वाऱ्याच्या तोंडाला पळत सुटायचं. मी एक पाऊल टाकलं की विमान दोन पावलं पुढं. माथ्यावर आलं की दोर सुटायचा. मग उन्हानं तापलेल्या रानातून हवा कुठं वर चढायलीय ते हुडकत मालक त्याला फिरवत ऱ्हायचे.

माझी नणंद छबूबाई बोरीला दिलेली. एकदा तिनं बघितलं आन् म्हणाली, "वैनी, बैल इकले का काय दादानं? तुमालाच जुंपलंय!" मी म्हणलं, "जळा तुमी. तुमचा नवरा तुमाला बाजाराला तरी नेतो का?" मालक मला पार बेंगळुरूला न्यायचे स्पर्धेला. ठरलेल्या वेळेइतकं हवेत टिकायचं आन् जमिनीवरच्या खुणेपाशी उतरायचं, अशी ती स्पर्धा. दोर ओढायला समद्यांकडं तरणे गडी, आन् आमच्याकडं नऊवारी नेसलेली मी. जिंकलोय बी आमी.

मग विमानं बदलली. कागद गेला, कार्बन आलं. पंख पातळ आन् जवळपास सरळ, त्यालाच मागं पट्ट्या. उतरताना पट्ट्या खाली वाकवल्या की ब्रेक लागतोय. लय चपळ, पण नजर हटली की संपलं. आपोआप सावरायची बातच सोडा. पुढं दोर गुंडाळायला जीपच्या स्टार्टरचं यंत्र आलं. पायानं दाबलं की दोर खर्रकन आत. मालक लहान पोरावाणी खूश, आन् माझं डोकं सणकलं. "मला कामावरून काढलं व्हय?" म्हणलं. शेवटी तर विमानाच्या नाकातच मोटर आली. वर नेती आन् बंद होती, पंख्याची पाती मिटून बसतात. किती उंचीवर बंद केली ते विमानच नोंदवतंय. जितकी कमी उंची, तितके गुण जास्त. झालं, दोर संपला.

पण नियमानं उडवणाऱ्याजवळ एक माणूस उभा ऱ्हातो, विमान फेकायला, वारा सांगायला. मी म्हणलं, तोंड तर मला हायेच. तशी मी उभी ऱ्हायले.

मागच्या साली साखरेनं मालकांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. डॉक्टर म्हणाले, हाय तेवढं टिकवा. त्यांनी कुणाला कळू दिलं न्हाई. मला म्हणाले, "मला दिसंना झालंय असं ज्या दिवशी तुला वाटंल, त्या दिवशी सांग. मी रेडिओ ठेवून देईन. पण तूच सांग. दुसऱ्यानं सांगितलेलं मला सोसायचं न्हाई."

मी म्हणलं, सांगीन. म्हणायला काय जातंय? त्या माणसाला ना पत्त्याचा नाद, ना भजनाचा. उडवणं गेलं तर खाटंवर पडल्या पडल्या छताकडं बघत बसंल, ह्याची मला धास्ती. म्हणून त्यांनी "कुठंय गं?" म्हणून इचारलं की मी हळूच सांगायची, "डावीकडं." असंच रेटत आणलं मी.

औंदा स्पर्धा पिंगळीला, हरभरा निघालेल्या एका मोठ्या रानात होती. वेळ मोजायला धम्मदीप म्हणून एक गडी आमच्याजवळ घड्याळ घेऊन उभा. मी विमान डोक्यावर धरून फेकलं. मोटरनं वर नेलं, मालकांनी ती लवकरच बंद केली. आभाळ पांढरंफटक, विमान बी पांढरं. रानाच्या कडंनं रेल्वेचा रूळ गेलाय, त्या अंगाला एक घार पंख न हलवता फिरायली होती. घार अशी फिरती तिथं हवा वर चढायली असती, हे आमच्यात कुणाला बी ठावं. मी म्हणलं, "घारीकडं घ्या."

त्यांनी घेतलं. विमान घारीच्या खाली आलं, संगं फिरलं. मग घार जरा सरळ गेली आन् मालकांनी बी अंगठा सैल सोडला. घार परत वळली. विमान वळलं न्हाई. ते सरळ निघालं, रुळाच्या पल्याड. मी मालकांकडं बघितलं. त्यांची मान घारीसंगं फिरायली होती.

"बघ, बघ कसं धरलंय!" मला म्हणाले. तोंडावर असं हसू, की लगीन झाल्यापासून मोजक्या येळा बघितलंय मी ते. घार डावीकडं कलली की त्यांचा अंगठा डावीकडं. वाटलं, राहू दे बाई, पडू दे ते विमान, नवं करता येईल. पण पल्याडच्या रानात बाया ज्वारी काढायल्या होत्या. तसलं विमान वेगात खाली आलं की माणसाचं डोकं फोडतंय.

"अहो," मी म्हणलं, "ती घार हाय."

त्यांचे अंगठे जागीच थांबले. धम्मदीपनं ऐकलं, त्यानं मान खाली घातली.

"आपलं कुठंय?"

"रुळाच्या पल्याड. लय लांब. बायांच्या डोक्यावर."

"सांग."

मी सांगत गेले. उजवीकडं. अजून. बास. आता सरळ. नाक वर घ्या, अहो वर! ते माझ्या शब्दावर अंगठे हलवायचे, डोळे मिटून. मिटलेलेच होते, मी बघितलं. विमान हालत डुलत आलं आन् खुणेपासून लांब, ढेकळात पोटावर बसलं. कुणाला लागलं न्हाई, देवाची कृपा.

"काका, पुढच्या फेरीला..." धम्मदीप अडखळला.

"माझं नाव काढ," मालक म्हणाले आन् गळ्यातला पट्टा काढून रेडिओ माझ्या हातात दिला.

आमी बांधावर जाऊन बसलो. मला वाटलं आता चिडतील, मला बोलतील. बोलावं, असं लय वाटत होतं. पण त्यांनी एवढंच इचारलं, "कधीपासून घारच बघायलो होतो मी?"

"ती वळली ना, तवापासून."

"तरीच," ते म्हणाले. "मी म्हणलं, आज एवढं चांगलं कसं काय जमायलंय मला."

तिथंच मला रडू फुटलं. समद्या लोकांदेखत, तोंडाला पदर बी न लावता, मी मोठ्यानं रडले.