बावीस नंबरचा दिवा

मी एक दिवा. गुहा दाखवायला नेणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या हेल्मेटवर बसवलेला, बावीस नंबरचा. माझ्या नावावर एक डाग लागलाय, तोही धडधडीत खोटा. इतके दिवस मी तोंड मिटून होतो, पण आता बोलल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तपासणीच्या टेबलाशी एक बाई बसायची, प्रत्येक दिव्याचं बटण दाबून बघायची. मी पहिल्या दाबाला लागलो. तिने ढुंकूनही पाहिलं नाही, पुढचा उचलला. शेजारचा लुकलुकत होता, त्याला मात्र दोन्ही हातांत घेऊन फुंकर घातली, हलवलं, कानाशी धरलं. धड चालणाऱ्याकडे जग बघत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

तिथून मी या डोंगराखालच्या शेडमध्ये आलो. एका भिंतीला हेल्मेटच्या खुंट्या, दुसरीला मापाप्रमाणे लावलेले रबरी बूट, मधे दोरीवर वाळत घातलेले अंगभर डगले. ते कधीच पुरते वाळत नाहीत, त्यामुळे शेडला कायम ओल्या मातीचा वास. दाराशी एक टेबल, त्यावर फॉर्म आणि दोरीने बांधलेलं पेन. दोरी नसेल तर लोक पेन घेऊन जातात.

आमचा वाटाड्या चाळिशीचा, लांब हातापायांचा. "डोकं सांभाळा, दगड काही माघार घेत नाही," हा विनोद तो रोज त्याच जागी करतो आणि रोज स्वतःच पहिल्यांदा हसतो. नऊ वर्षं मी त्याच्याबरोबर आत-बाहेर केलं. देशोदेशीचे प्रवासी माझ्याखाली डोकं घालून गेले. बाहेर फोटो काढताना छाती फुगवणारे आत गेल्यावर माझ्याखाली घामाने निथळताना मी पाहिलेत. अबोला धरून आलेली नवराबायको पहिल्याच वळणावर एकमेकांचा हात शोधतात. या नऊ वर्षांत मी एकदाही आपणहून विझलो नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगतोय.

मग एका सकाळी ते दोघं आले. साठी ओलांडलेले, सहलीवर निघालेले. तो निवृत्त मास्तर, भूगोलाचा. वाटाड्याने मला त्याच्या हातात दिलं आणि मास्तर लगेच सुरू झाला.

"एकतीस वर्षं फळ्यावर गुहा काढली हो मी! वरून लोंबणारे खडूचे दात, खालून वर येणारे खडूचे दात. चुन्याचं पाणी थेंब थेंब गळतं आणि त्याचे खांब होतात, हे पोरांकडून घोकून घेतलं. आणि स्वतः एकही पाहिलेला नाही."

"आज पाहाल, काका," वाटाड्या म्हणाला आणि बूट आणायला गेला.

बायको फॉर्म घेऊन टेबलाजवळच्या बाकावर बसली. मी मास्तरच्या मांडीवर होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"अहो, इथे विचारलंय, डोळ्यांचा काही आजार आहे का."

"मग? लिही नाही म्हणून."

"डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात? एक गेलाच आहे. दुसऱ्यात कधीही रक्त उतरेल. वाकायचं नाही, जोर करायचा नाही, आणि इथे तर पोटावर सरपटायचंय."

"जपलं तरी फार तर वर्षभर, हेही डॉक्टरच म्हणाले. ते वर्ष काय छताकडे बघत काढू?" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "एकदाच बघू दे गं. तू नको म्हणालीस तर इथूनच परत फिरू. खरंच."

तिने दोरीचं पेन जवळ ओढलं. मग तिने 'नाही'च्या चौकटीत खूण केली. मास्तरने तिच्या पाठीवर थाप मारली आणि मला डोक्यावर चढवलं, तेही उलटं. तिनेच मला सरळ केलं.

आत आम्ही आठ जण होतो. अर्ध्या वाटेवर एक चिंचोळी फट आहे, तिला आम्ही टपालपेटी म्हणतो. माणसाने पत्रासारखं आडवं होऊन आत सरकायचं. मास्तर कण्हत, कोपरांवर जोर देत, मान खाली घालून सरकला. मागून बायको "हळू, हळू हो," म्हणत होती. पलीकडे तो उभा राहिला, त्याने मान वर केली आणि माझा उजेड वर गेला.

ते दालन मी शेकडो वेळा पाहिलंय. पण त्या दिवशी मी ते त्याच्यासाठी उजळलं, पहिल्यांदाच कुणासाठी असं मनापासून. छतभर लोंबणारे पांढरे खांब, काही बोटाएवढे, काही माणसाहून उंच.

"अगं, हे वाकडे आहेत!" मास्तर ओरडला. "मी सगळे सरळ काढले! एकतीस वर्षं चुकीचं शिकवलं मी!" आणि तो हसत सुटला. हसता हसता बायकोचा दंड धरून प्रत्येक खांब दाखवत राहिला. त्याची मान फिरेल तिकडे मी फिरत होतो. पाच-सहा मिनिटं असेल. मी आयुष्यात जे काही केलं त्यातलं चांगलं तेवढंच.

त्या दालनात आमच्याकडे एक पद्धत आहे. सगळ्यांना बसवून वाटाड्या एक मिनिट सगळे दिवे बंद करायला सांगतो. असा अंधार बाहेर कुठे मिळत नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य. आम्ही विझलो. कुणीतरी खोकलं, कुणी हसलं. मग तो म्हणाला, "लावा," आणि आठही दिवे लागले. सगळ्यांनी डोळे चोळले.

"माझा लागला नाही," मास्तर म्हणाला.

मी लागलो होतो. माझा उजेड समोरच्या खांबावर पडला होता. त्याने माझं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मी विझलो, लागलो, विझलो. बायकोने त्याच्या चेहऱ्यावर उजेड टाकला. डोळे सताड उघडे होते आणि पापणी हलली नाही. तिने हात पुढे करून मला लावलं आणि बटणावरून त्याचा हात बाजूला घेतला.

वाटाड्याने एका नजरेत ओळखलं. घाबरलेला माणूस टपालपेटीत अडकतो, आणि अडकला की त्याला बाहेर काढणं महाकठीण. त्याने बाकीच्यांना हाताने गप्प केलं. "ओल लागली असेल, काका. सगळ्यांचेच मंद झालेत. मी पुढे आहे, माझा पाय धरून या."

"हो, बिघडलाच आहे मेला," बायको म्हणाली. तिचा आवाज साधाच होता. गाल मात्र भिजले होते, आणि ते माझ्याच उजेडात दिसत होते.

तासाभराने आम्ही गुहेच्या तोंडाशी पोचलो. वाटाड्या आणि बायको चार पावलं पुढे जाऊन दबक्या आवाजात गाडीचं, दवाखान्याचं बोलू लागले. मास्तर दगडावर एकटा बसला होता. त्याने मला डोक्यावरून काढलं आणि माझ्या काचेवर तळवा ठेवला. आतली हवा बर्फासारखी असते. विझलेला दिवा एव्हाना कधीच गार पडला असता. मी चांगला गरम होतो. त्याने तळवा उचलला नाही. मग अंगठ्याने बटण चाचपून मला बंद केलं.

"चला," बायको परत येऊन म्हणाली.

"हा दिवा अगदीच बोगस निघाला गं," मास्तर मोठ्याने म्हणाला. "अंधारात ताणून ताणून बघावं लागलं, त्यानेच डोळा गेला. सरपटण्याचा काही संबंध नाही. दिव्याने दगा दिला."

ती लगेच म्हणाली, "हो. दिव्यानेच."

शेडमध्ये येऊन त्याने तक्रार लिहायला लावली. वाटाड्या माझ्याकडे बघत नव्हता. आमच्याकडे नियम आहे, तक्रार आली की दिव्याला लाल पट्टी लागते आणि तो पुन्हा खुंटीवर जात नाही. बाकीचे प्रवासी सामान ठेवून निघून गेले होते; माझ्या बाजूने बोलू शकणारी तिथे तीन माणसं होती. तिघांनीही मला बुडवलं.

चार महिन्यांनी बायकोचं पत्र आलं. वाटाड्याने ते टेबलाशी उभं राहून स्वतःशीच पुटपुटत वाचलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या, उपयोग झाला नाही. आता काही करण्यासारखं उरलं नाही. "ते रोज एकदा तरी म्हणतात, दिवा धड असता तर हे झालं नसतं. मीही हो म्हणते. फॉर्म मी भरला होता, हे त्यांच्या लक्षात राहिलं नसावं." वाटाड्याने पत्र घडी करून खिशात ठेवलं. उत्तर त्याने लिहिलं नाही.

आज नवे दिवे आले. बाद झालेले आम्ही सगळे एका खोक्यात ओतले गेलो. ओतताना कुणाचा तरी कोपरा माझ्या बटणावर बसला आणि मी लागलो. वरून झाकण बंद झालंय. संध्याकाळी भंगाराची गाडी येईल, सेल त्याआधीच संपतील. फुटक्या काचांवर माझा उजेड पडलाय, अगदी पूर्वीसारखाच, आणि त्याचा कुणाला काडीचाही उपयोग नाही.

मी लागलो होतो, एवढं तुम्ही तरी लक्षात ठेवा. वाटलं तर चारचौघांत सांगा. फक्त त्या बाईंची कधी गाठ पडली, तर मास्तरांनी मला हात लावून पाहिलं होतं, हे त्यांना सांगू नका.