अमेरिकन बिअरची यादी

आई गेल्याच्या पाचव्या आठवड्यात अश्वजित वानखडे आयुष्यातली पहिली बिअर प्यायला. दुपारचे साडेतीन वाजले होते, हॉटेलच्या स्टोअरमध्ये एसी घरघरत होता, आणि त्याला बिअर प्यायची जराही इच्छा नव्हती.

तो बहारीनमधल्या जुफेर भागातल्या एका मध्यम हॉटेलात स्टोअरकीपर होता. मूळचा अकोल्याचा, आता बायको श्रावस्तीसोबत मुहर्रकला राहत होता. आई गेल्याचा फोन आला तेव्हा त्याचा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी ऑफिसात अडकला होता. तो हातात पडून विमान मिळेपर्यंत तीन दिवस गेले. घरी पोचला तेव्हा राखही सावडून झाली होती. भाऊ गळ्यात पडून रडला. मावशी म्हणाली, "रड बाबा, मोकळा होय." अश्वजितनं मान हलवली आणि जेवायला किती माणसं आहेत ते विचारलं.

बहारीनला परतल्यावर तो दुसऱ्याच दिवशी शिफ्टवर गेला. झोप लागत होती, हिशेब चुकत नव्हते. माणसं बोलत ते ऐकू येई. फक्त ते शेजारच्या खोलीतून आल्यासारखं वाटे.

अशात रेस्टॉरंट आणि बार सांभाळणाऱ्या नझीरनं त्याला बोलावलं. नझीर हैदराबादचा. बारमध्ये अमेरिकन गिऱ्हाईक बरंच येई आणि तेच दोन मोठे ब्रँड पाहून समोरच्या हॉटेलात जाई.

"अश्वजितभाई, बडे ब्रँड छोडके कुछ ढूंढो," नझीर म्हणाला. "अमेरिकन हो, अच्छा हो, और सस्ता हो. छह नाम चाहिए."

"मैं तो पीता नहीं."

"मैं भी नहीं पीता. बार का आदमी दुबई चला गया, नया अगले महीने आएगा. तब तक तुम ही देखो."

अश्वजितनं पुरवठादाराकडून वीसेक नमुन्याचे डबे मागवले. आधी न पिताच काम उरकायचं ठरवून त्यानं ते दोन वेटरना चाखायला दिले. दोघांनी प्रत्येक डब्याला "नाइस" म्हटलं. अशी यादी नझीरला देण्यात अर्थ नव्हता. म्हणून त्यानं स्टोअरचं दार लोटून घेतलं आणि स्वतःच एक डबा उघडला.

आई रोज संध्याकाळी पंचशील म्हणायची. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. तिनं त्याच्याकडून कधी शपथ घेतली नव्हती. तिच्या घरात वाढलेला मुलगा पिणार नाही, हे तिनं धरून चाललं होतं आणि त्यानंही. पहिला घोट गिळताना, आता काहीतरी होईल, असं त्याला वाटलं. लाज वाटेल, भीती वाटेल. काहीच झालं नाही. जीभ तेवढी कडू झाली.

पण तिसऱ्या डब्याला ज्वारीच्या लाह्यांचा वास आला. पाचव्याला संत्र्याच्या सालीचा. तो दचकला. बाकी सगळं बधिर असताना जीभ मात्र जागी होती. तो रोज दुपारी दोन-दोन डबे उघडू लागला आणि कागदावर लिहू लागला. रंगीबेरंगी चित्रांचे महागडे डबे त्यानं पहिल्यांदा बाद केले. त्यांच्या तळावरची तारीख सात-आठ महिन्यांपूर्वीची होती. एवढ्या प्रवासात आणि उन्हात त्यांचा वास मरून गेला होता, ओल्या पुठ्ठ्यासारखा लागत होता. टिकल्या होत्या त्या साध्यासुध्या बिअर, पेनसिल्व्हेनिया नाहीतर विस्कॉन्सिनमधल्या छोट्या जुन्या कारखान्यांच्या. किंमत कमी, डब्यावर नुसतं नाव. एक तांबूस लागर बिअर तर भाजलेल्या पावासारखी लागली. तिच्यापुढे त्यानं दोन खुणा केल्या. चाखायला एक घोट पुरेसा होता, पण आठवडाभरानं तो डबे रिकामे करू लागला.

एका संध्याकाळी तो घरी येऊन बूट काढत असताना श्रावस्ती जवळ येऊन थांबली.

"तुम्ही पेलात?"

"कामाचं होतं."

"काम आहे तर आहे," ती म्हणाली. "पण मले सांगितलं काहून नाही?"

त्यानं दुसरा बूट काढला. ती आत गेली. तिला वाईट वाटलंय हे त्याला समजत होतं. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, हेही समजत होतं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी रामजीकाकांनी बुदैयातल्या आपल्या घरी आईसाठी पुण्यानुमोदन, गेलेल्या माणसाच्या स्मरणाचा विधी, ठेवलं. रामजीकाका विमानतळावरचे जुने टेक्निशियन. इथल्या मराठी बौद्ध मंडळींना असा प्रसंग आला की त्यांचंच घर. तीस-पस्तीस माणसं आली होती. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी आईचा फोटो ठेवला होता. काका एकेक शील म्हणत होते आणि सगळे पाठोपाठ म्हणत होते. अश्वजितनं चार म्हटली. पाचव्याला त्याचं तोंड उघडलं नाही. त्यानं दोनदा प्रयत्न केला. शेजारी बसलेल्या श्रावस्तीनं त्याच्याकडे पाहिलं, मग खाली पाहत स्वतःचं शील पूर्ण केलं.

जेवणं झाल्यावर काकांनी त्याला मागच्या अंगणात नेलं. "पाचव्याला गप्प बसलास."

"मी प्यायलो काका. वर आईसमोर खोटं कसं म्हणू?"

"किती दिवस झाले?"

"दोन आठवडे. आणि मले काहीच वाटत नाही. तिचं तोंड पाहायला नाही भेटलं, त्याचंबी काही वाटत नाही." हे तो पहिल्यांदाच कुणाजवळ बोलत होता.

काकांनी अंगणातली एक खुर्ची त्याच्याकडे सरकवली. मग म्हणाले, "शील म्हणजे हापिसातला करार नाही रे, एकदा मोडला की खलास. माणूस रोज घेतो ते. म्हणावंसं वाटेल त्या दिवशी म्हण. तोवर गप्प बस, चालते."

रविवारी त्यानं नझीरला सहा नावांची यादी दिली. तांबूस लागर सगळ्यात वर होती. "इसके आगे चखने का काम किसी और को दो," तो म्हणाला. नझीरनं कारण विचारलं नाही. कागद घडी करून खिशात घातला. दोन महिन्यांनी ती लागर बारमध्ये सगळ्यात जास्त खपायला लागली. हेड ऑफिसमधून अश्वजितच्या कौतुकाची ईमेल आली. त्यानं ती वाचली आणि पुढची ईमेल उघडली.

पाचवं शील त्याला अजून म्हणता आलं नव्हतं. बिअरही त्यानं पुन्हा घेतली नव्हती. श्रावस्ती समोर ठेवी ते तो खाई, चांगलं-वाईट काही बोलत नसे. एका दुपारी वांग्याचा घास घेऊन तो थांबला.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

श्रावस्तीनं मान वर केली. मग उठून मिठाची बरणी आणली, त्याच्या ताटाजवळ ठेवली आणि पुन्हा आपल्या जागी बसून जेवू लागली.