पाय दिसेपर्यंत

"काका, कारंजं कुणी चालू केलं?"

तळं साफ करायला मशीन बसवलेल्या ताईंचा आवाज चढला तसा कारंजेकाकांनी चहाचा कप खाली ठेवला. बागेतल्या तळ्याच्या कारंज्याला आजवर त्यांच्याशिवाय कुणी हात तरी लावला होता का?

"मीच. तुमचं मशीन बंद पडलं होतं ना! एक बुडबुडा दिसेल तर शपथ!"

"अहो, ते बुडबुडे डोळ्यांना दिसतच नाहीत! इतके बारीक, की वर न येता पाण्यातच राहतात, तळापर्यंत हवा पोचवतात. तुमच्या पंपानं सगळा गाळ ढवळून काढला. आता पुन्हा पहिल्यापासून."

"म्हणजे पाणी नितळणार कधी?"

"वर्ष तरी जाईल, काका."

काकांच्या बायकोची नजर जेमतेम वर्षभर टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि तिनं मागितलं काय, तर तळ्यात पाय सोडून बसायचंय आणि पाण्यातले आपले पाय बघायचेत! नवं लग्न झालेलं असताना दोघं रोज इथं यायची. पाणी असं नितळ, की तिच्या डाव्या अंगठ्याचं वाकडं नखसुद्धा दिसायचं. "कुणाच्या मागं धावताना वाकडं झालं गं हे?" असं काका हमखास चिडवायचे, आणि ती ओंजळभर पाणी त्यांच्या तोंडावर उडवायची. काय दिवस होते ते! पुढं गटारं तळ्यात आली, पाणी हिरवं झालं, लोक नाक दाबून जाऊ लागले. कारंजं तेवढं वर थुईथुई नाचत राहिलं.

घरी गेल्यावर काकांनी सगळं सांगून टाकलं. बायको बोटांनी चाचपत शर्टाला बटण लावत होती.

"जन्मात कधी हात गप्प ठेवलेत का तुम्ही?" ती हसली. मग तिचे ओठ थरथरले आणि काकांना ते बघवेना.

त्यानंतर काका रोज तळ्यावर जात, पण हात मांडीखाली दाबून बसत. आधी वास गेला. मग पाण्याखालची एक पायरी दिसू लागली, मग दुसरी. तिकडे बायकोला अधिकच धूसर दिसू लागलं, मग काहीच दिसेना.

पाणी नितळलं त्या सकाळी काका तिला हाताला धरून घेऊन आले. तिनं पाय पाण्यात सोडले.

"गार आहे हो! कारंजं ऐकू येत नाही ते?"

"बंद केलं. आता लागत नाही."

तिनं पाण्यातले पाय हलवले. "अहो, दिसतात का?"

काकांनी वाकून पाण्यात पाहिलं.

"बोला की!"

"दिसतात. नख अजून वाकडंच आहे. कुणाच्या मागं धावलीस गं?"

ती खुदकन हसली आणि तिनं अंदाजानं ओंजळभर पाणी उडवलं. ते भलतीकडेच पडलं.

"भिजवलंस की गं मला!" काका म्हणाले, आणि ती पुन्हा उडवेल म्हणून हळूच त्या बाजूला सरकून बसले.